भोंग्याचा सूर

उन्हाळ्यात चंद्रपूरची माणसं डोक्याला ओला दुपट्टा बांधतात. आमचे सॅक्सोफोनही बांधायचे. मे महिन्यातली वरात, पुढे चार वाजवणारे, आणि चौघांच्या वाद्यांना ओले पंचे गुंडाळलेले. जटपुरा गेटजवळची पोट्टी मागे लागायची आणि वाद्याला ताप आला का म्हणून विचारायची. भाऊ ढुंकूनही बघायचे नाहीत. ऊन लागलं की वाद्याचा सूर चढतो आणि चढलेला सूर त्यांना खपत नसे. नवरदेव घोड्यावर घामाने निथळत असला तरी त्याची त्यांना फिकीर नसायची, पण दर दहा मिनिटांनी वरात थांबवून ते चारही पंच्यांवर बाटलीतलं पाणी शिंपडायचे. वऱ्हाडी मंडळींना हा काहीतरी विधी वाटायचा. एकदा एका आजीबाईंनी भक्तिभावाने माझ्या पंच्याला हळदकुंकू लावलं. ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

भाऊ म्हणजे आमच्या चार सॅक्सोफोनांच्या पार्टीचे मास्तर. आयुष्यभर ते एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. गावात डीजे आला, बँड बसला, आणि मालकाने वाद्यं मोडीत घालायला काढली. भाऊंनी त्या ढिगातून चार सॅक्सोफोन मागून आणले. लहान, मधला, मोठा आणि सगळ्यांत मोठा. वर्षभर ते अंगणात पोतं टाकून दुरुस्ती करत बसले. वहिनींच्या जुन्या पर्सच्या चामड्यातून त्यांनी भोकं झाकायच्या चकत्या कापल्या, शिवणाच्या सुया तापवून स्प्रिंगा केल्या. वाद्यं झाली आणि मग ते माणसं शोधायला निघाले. आम्ही तिघं त्यांना सापडलो ते असे, वाद्यांच्या मागून.

चारच का, असं लोक विचारायचे. आपल्याकडे बँड म्हटला की निदान पंधरा माणसं, झालरीचे कपडे आणि मागे जनरेटर लागतो. भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं: मल्लेशच्या ऑटोत चारच मावतात. हे अगदी खरं होतं. मल्लेश ऑटो चालवायचा, आम्ही तिघं मागे, आणि माझा सगळ्यांत मोठा सॅक्सोफोन तिघांच्या मांडीवर आडवा. शीलाबाई म्हणायच्या की दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात नेतानाही इतकं सांभाळत नाहीत.

मल्लेश सिरोंचाचा. त्याचा बाप गोदावरीपलीकडच्या एका देवळात सन्नाई वाजवायचा. म्हणून त्याच्याकडे लहान, सरळ सॅक्सोफोन आला. त्याची बोटं सुराला इतके हेलकावे द्यायची की साधं लग्नाचं गाणंही देवळाच्या पायऱ्या चढल्यासारखं वाटायचं. शीलाबाई दवाखान्यात नर्स. त्यांचे वडील मूल तालुक्यातल्या एका गावात भीमगीतांची पार्टी चालवायचे, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवणारा माणूस आयत्या वेळी आला नाही म्हणून बाराव्या वर्षी शीलाबाईंनी ती हातात घेतली होती. बाईमाणूस रस्त्यावर उभं राहून वाजवते म्हणून लोक आधी कुजबुजायचे. पण शीलाबाईंनी पहिली ओळ वाजवली की कुजबुज करणारेच त्यांना पाणी आणून द्यायचे.

राहिलो मी. मी चामोर्शीचा, घरी धानाची शेती, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवलेली, आणि नोकरी चंद्रपुरात वनखात्याच्या लाकूड डेपोत. दिवसभर ओंडक्यांची लांबी आणि घेर लिहायचा. भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, वाजवायला काही सांगितलं नाही आणि म्हणाले की दम काही दिसत नाही, पण उंची हाय. सगळ्यांत मोठा सॅक्सोफोन गळ्यात अडकवला तर तो जमिनीला टेकणार नाही असा मी एकटाच त्यांना भेटलो होतो. त्या दिवसापासून ते मला बाबू म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्यांनी मला खाणीच्या कुंपणापाशी नेलं. बरोबर आठला पाळी बदलायचा भोंगा वाजला. चंद्रपुरात रोज राहणाऱ्या माणसाला भोंग्याचं काय कौतुक? पण भाऊंनी डोळे मिटले होते आणि हात वर केला होता. भोंगा खालून वर चढला, वर जाऊन स्थिर राहिला, मग हळूहळू उतरत विझला. त्यातल्या मधल्या स्थिर सुरावर भाऊंचा हात जरासुद्धा हलला नाही.

"चढनं आयकू नोको, उतरनं आयकू नोको. मधलं धर," ते म्हणाले.

हीच आमची सूर मिळवायची पद्धत. लोक पेटीवर मिळवतात, तानपुऱ्यावर मिळवतात, आम्ही खाणीच्या भोंग्यावर मिळवायचो. सॅक्सोफोनच्या मानेवर बुचाचं अस्तर असतं आणि त्याच्यावर माउथपीस बसतो. माउथपीस आत ढकलला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. भाऊंनी चौघांच्या वाद्यांचा माउथपीस भोंग्याला तंतोतंत जुळेल अशा जागी ओढला, तिथे बुचावर लाल दोऱ्याचा एक वेढा दिला आणि वहिनींच्या नेलपॉलिशने तो पक्का केला. माउथपीस दोऱ्यापर्यंत आणायचा आणि दोरा दिसत राहिला पाहिजे. बस्स. हाच आमचा धर्मग्रंथ.

आता भोंगा काही संगीतकाराने बनवलेला नव्हता. तो जगातल्या सगळ्या पेट्यांपेक्षा थोडा उतरलेला होता, अर्ध्या सुरापेक्षा कमी, पण कानाला खटकेल इतका. त्यामुळे आम्ही चौघं एकमेकांशी असे जुळलेलो होतो की चार वाजतायत की एक हे कळू नये, आणि बाकी कोणाशीही जुळत नव्हतो. मंगलाष्टकांना पेटी लावली की भाऊ पेटीवाल्याला नम्रपणे सांगायचे की बावा, तू थांब, तुझं चढलं हाय.

भोंगाच कशाला, असं मी एकदा विचारलं. भाऊ म्हणाले की अख्ख्या चंद्रपूरला एकदम ऐकू येते असा दुसरा कोणता सूर हाय ते सांग. 

एक लग्न मी कधी विसरणार नाही. खाण कामगारांच्या वसाहतीतलं लग्न होतं, दुपारची पंगत बसलेली. आम्ही मांडवाच्या कोपऱ्यात उभे राहून सूर लावला. सुरू करण्याआधी चौघांनी मिळून एकच लांब सूर धरायचा अशी भाऊंची शिस्त होती. तो सूर लागला, आणि पंगतीतले सात-आठ म्हातारे अर्ध्या जेवणावरून ताडकन उठले. एकाने तर भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि मांडवाबाहेर दहा पावलं चालत गेला. मग भानावर येऊन सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. रिटायर होऊन दहा-दहा वर्षं झाली होती त्यांना, पण पाय अजून पाळीवर निघत होते. त्या वसाहतीतली सगळी लग्नं पुढे आम्हीच वाजवली. तिथल्या माणसांना आमचा सूर कधीच उतरलेला वाटला नाही.

वाजवण्याबद्दल भाऊंचा दुसरा हट्ट असा की गाण्याची चाल कोणा एकाच्या मालकीची नाही. पंगतीत भाजीचं भांडं फिरतं तशी ती चौघांत फिरली पाहिजे. एक ओळ मल्लेशने घ्यायची, पुढची शीलाबाईंनी, मग भाऊंनी. आणि वर्षातून दोन-चार वेळा, भाऊंना दया आली तर, मी. बाकीच्या वेळी माझं काम खालून आधार द्यायचं. मी एकदा कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले की खाणीत छताला टेकू देणाऱ्या लाकडाला कोणी फुलं वाहत नाही, पण ते काढून पाह्य. आणि हे ते ओंडके मोजणाऱ्या माणसाला सांगत होते.

इथपर्यंत मी हसत हसत लिहिलं. आता लिहायचं आहे ते लिहिताना मला आजही बरं वाटत नाही.

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने आम्हाला वरोऱ्याच्या लग्नात ऐकलं आणि चाचणीला बोलावलं. जमलं असतं तर सगळा लग्नाचा मोसम त्यांच्याबरोबर. नागपूर, रायपूर, मोठे मंच, नावाचा बोर्ड. मल्लेशला दोन मुली शिकवायच्या होत्या. शीलाबाईंना वरातीच्या धुळीतून एकदा तरी मंचावर चढायचं होतं. मला ओंडक्यांपासून सुटका हवी होती. भाऊंना काय हवं होतं ते आम्ही विचारलं नाही, कारण त्यांनी त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चारही पंचे धुऊन आणले होते.

चाचणीला त्यांचा कीबोर्डवाला होता. सभ्य मुलगा. त्याने सूर दिला, आम्ही आमचा दिला, आणि दोन सूर एकमेकांवर असे घासले की मालकाने कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला की मी माझा कीबोर्ड खाली आणीन, पण बाकी बारा जण आहेत, गायक आहेत, त्यांचं काय करू? तुम्ही फक्त माउथपीस थोडा आत ढकला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"आमचं बरोबर हाय," भाऊ शांतपणे म्हणाले. मग तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले.

ते गेले त्या दोन मिनिटांत आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.  आणि आधी मी ढकलला. तिघांत सगळ्यांत उंच मी, टेकू देणारा मी, आणि आधी मीच. माउथपीस लाल दोऱ्यावरून पुढे सरकला आणि दोरा आत झाकला गेला. दोराभर, त्याहून जास्त नाही. मग मल्लेशने ढकलला, मग शीलाबाईंनी.

भाऊ परत आले. पहिल्या सुरालाच त्यांना कळलं. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं नाही, तिन्ही वाद्यांच्या मानांकडे पाहिलं. मग आपला सॅक्सोफोन तोंडातून काढला, पंच्याने पुसला, समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि वाद्य मांडीवर घेऊन आमची सगळी चाचणी शेवटपर्यंत ऐकली.

"चांगलं वाजलं," ते म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले असते तर मी आज हे लिहिलंही नसतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी नेहमीप्रमाणे शीलाबाईंना खिडकी दिली आणि झोपले, किंवा झोपेचं सोंग घेतलं. आम्ही दोन मोसम त्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. भाऊंच्या जागी नागपूरचा एक माणूस होता, हात चांगला होता त्याचा. मंचावर मी कधी चुकलो नाही आणि मला कधी मजाही आली नाही. मग ऑर्केस्ट्रा मोडला, माझी बदली आलापल्लीला झाली, शीलाबाई दवाखान्यात गुंतल्या, मल्लेश पूर्णवेळ ऑटोवर. भाऊंशी आमचं भांडण असं कधी झालंच नाही. दिवाळीला मी जायचो, ते चिवडा द्यायचे, धानाची विचारपूस करायचे. सॅक्सोफोनचा विषय निघायचा नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी शीलाबाईंचा फोन आला. खाण बंद झाली होती, भोंगाही बंद झाला होता. आणि आता भाऊ रोज सकाळी आठला अंगणात उभे राहून भोंग्याचा सूर वाजवतात, असं त्या म्हणाल्या. आजूबाजूची खाण कामगारांची वसाहत त्यांच्यावर घड्याळं लावते. पण त्यांची छाती खराब झाली आहे. डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली आहे, रोज एवढा लांब सूर धरला तर कधी काय होईल सांगता येत नाही.

"माहं आयकत नाई, मल्लेशचं आयकत नाई," त्या म्हणाल्या. "तू ये."

माझं का ऐकतील, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं की त्या दोघांनीही ढकलला होता, पण आधी मी ढकलला होता.

संध्याकाळी मी सॅक्सोफोनसकट चंद्रपूरला पोचलो. भाऊ आत पडले होते. वहिनींनी मला ओसरीवर बसवलं आणि इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. भाऊंचे वडील खाणीत जमिनीखाली कामाला होते, रातपाळीला. सकाळी आठचा भोंगा झाला की भाऊंची आई चूल पेटवायची, म्हणजे पाणी तापेपर्यंत माणूस दारात. भोंगा अवेळी वाजला तर त्याचा अर्थ एकच असायचा. भाऊ सात वर्षांचे असताना एका सकाळी तो साडेसहाला वाजला. सगळ्या वसाहतीतल्या बाया खाणीच्या तोंडाशी पळाल्या, आईबरोबर हेही. दीड तास तिथे उभे होते. मग आठचा नेहमीचा भोंगा वाजला आणि तो वाजत असतानाच त्यांचा बाप वर आला. शेजारच्या घरातला आला नाही.

"तवापासून आठचा भोंगा झाला का ह्यायले वाटते, बाप घरी आला," वहिनी म्हणाल्या. "आता भोंगा बंद झाला तं मनते, कोनीतरी घरी यायचं राह्यलं."

मी इतकी वर्षं त्यांना विक्षिप्त म्हणून लोकांना हसवत आलो होतो. त्या रात्री मी मल्लेशकडे मुक्कामाला गेलो आणि शीलाबाईंना सकाळी वाद्य घेऊन यायचा निरोप दिला.

सकाळी पावणेआठला आम्ही तिघं भाऊंच्या अंगणात गेलो, वाद्यांसकट. भाऊ बाहेर आले. खूप वाळले होते, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि गळ्यात पट्टा अडकवायला लागले. पट्टा अडकवतानाच त्यांना धाप लागली. पट्टा तसाच धरून ते उभे राहिले.

मी माझा मोठा सॅक्सोफोन गळ्यात घेतला आणि माउथपीस धरून बाहेर ओढला. इतक्या वर्षांनी तो सहज हलेना. जोर केला तसा सरकला, आणि त्याखालून लाल दोरा निघाला. रंग उडालेला, नेलपॉलिशला तडे गेलेले, पण जागच्या जागी. 

आठ वाजले. मी फुंकलं. खालून वर चढलो आणि तिथे थांबलो. भाऊंनी डोळे मिटले. त्यांचा हात हळूच वर आला, पूर्वी कुंपणापाशी यायचा तसाच. एका बाजूने मल्लेश मिळाला, दुसऱ्या बाजूने शीलाबाई. त्यांनीही ओढून दोऱ्यावर आणलं होतं. भाऊंचा हात स्थिर होता. पलीकडच्या घराचं दार उघडलं, कोणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं. आमचा दम संपेपर्यंत आम्ही तो सूर धरला आणि मग उतरवला.

भाऊंनी गळ्यातला पट्टा काढला, सॅक्सोफोन पंच्यात गुंडाळला आणि वहिनींच्या हातात दिला. मग खाटेवर बसले.

"आला का बाबू," ते म्हणाले. "दोराभरच तं गेल्ता."

त्यानंतर त्यांनी वाद्याला तोंड लावलं नाही. मल्लेश वसाहतीपासून जवळच राहायचा, तो आणि शीलाबाई आलटून पालटून आठचा सूर द्यायचे. रविवारची पाळी माझी, आणि पहिल्या बसने आठच्या आत पोचणं जमायचं नाही म्हणून मी शनिवारीच यायचो. भाऊ खाटेवर बसून ऐकायचे आणि कोणाचं चढलं, कोणाचं उतरलं ते सांगायचे. दोन वर्षं असं चाललं. ते गेले त्या दिवशीही सकाळी आठला सूर दिला होता. पाळी शीलाबाईंची होती.

आता मी रिटायर होऊन आलापल्लीलाच राहिलो आहे. सकाळी आठला अंगणात एकदा फुंकतो. इथे भोंगा कधी नव्हता, त्यामुळे शेजारी मला भाऊंपेक्षाही वेडा समजत असणार. परवा इथल्या शाळेतला नवा संगीतशिक्षक कुंपणापाशी थांबला. चांगला कान आहे त्याचा. काका, राग मानू नका, पण तुमचं वाद्य थोडं उतरलेलं आहे, म्हणाला. माउथपीस जरासा आत ढकला, बरोबर होईल.

मी म्हटलं, एकदा ढकलला होता.